पहिल्या झटक्यानंतरचे आयुष्य

सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या, पहिल्या झटक्यानंतर भास थांबले तरी मुलगा पूर्वीसारखा का वागत नाही, असे एका आईने विचारले आहे. ताई, भास ओसरल्यावरही उरणारा निरुत्साह, ढळते लक्ष आणि माणसांपासून दुरावणे हा आळस नव्हे, ती आजाराचीच लक्षणे असू शकतात; त्यांच्यावर औषधांचा प्रभाव तुलनेने कमी पडतो, म्हणून औषधे चालू ठेवूनच जोडीला माणसाचा आधार लागतो. गोवा, सातारा आणि तामिळनाडूतील, स्किझोफ्रेनिया या अशाच आजाराच्या २८२ रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीमुळे रोजच्या व्यवहारातील अडचणी, माफक प्रमाणात का होईना, कमी झाल्या होत्या. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्याच्या दिनक्रमाबद्दलही आग्रहाने विचारा. माझ्या भावाची सावरण्याची सुरुवात, पोदेराचा (गोव्यातील पाववाल्याचा) भोंगा ऐकून दारात जाऊन पाव घेण्यापासून झाली. पुन्हा नोकरीला लागायला त्याला तीन वर्षे लागली.