चॅट्सवर्थचं कुरण आणि 'मोकळा' निसर्ग

अडगळ:
परवा चॅट्सवर्थच्या, म्हणजे इंग्लंडातल्या डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याच्या वाड्याच्या आणि बागेच्या फोटोंखाली एकाने लिहिलं, "फ्रेंच भूमितीत कोंडलेल्या निसर्गाला केपेबिलिटी ब्राऊनने मोकळं केलं." (ब्राऊन म्हणजे अठराव्या शतकातला इंग्रज बागरचनाकार.) त्यावर बदामांचा पाऊस. तिथेच उत्तर देणार होतो, पण ते लांबलं, म्हणून हा धागा.

मोकळं कसलं? पहिल्या ड्यूकने जॉर्ज लंडन आणि हेन्री वाइज या बागरचनाकारांच्या जोडीकडून आखीव ताटवे करून घेतले होते. १७६० च्या आसपास चौथ्या ड्यूकने ब्राऊनला आणलं. त्याने त्यातल्या बऱ्याच भागावर हिरवळ पसरली, नदीचा काठ हवा तसा वळवला, टेकडीवर झाडांचे पुंजके लावले. एवढी उलथापालथ करून जे उरलं तो म्हणे निसर्ग! आखीव बाग निदान 'मला माणसाने केलंय' हे लपवत तरी नाही. आणि वाड्यातून दिसणारी एन्झर गावातली घरं? नजरेला खुपली म्हणून गेली. त्याबद्दल फोटोंखाली चकार शब्द नाही.

डर्बीकर:
इथेच राहतो, दर उन्हाळ्यात जातो, त्यामुळे थोडं बोलतो. अख्खं गाव टेकडीआड नेलं ते सहाव्या ड्यूकने, १८३८ ते ४२ मध्ये. ब्राऊन १७८३ लाच वारला. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर किती खापरं फोडणार?

दुसरं, १६९६ चा कॅस्केड, तो चोवीस पायऱ्यांचा पाण्याचा जिना, ब्राऊनने तसाच ठेवला. आणि २०१८ च्या कडक उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या हिरवळीवर १६९९ च्या ताटव्यांची नक्षी उमटली होती, सगळ्यांनी पाहिली. म्हणजे जमिनीखाली खुणा अजून आहेत. ते ताटवे छाटायला माळ्यांची फौज लागायची, कुरणाला मेंढ्या पुरतात.

अडगळ:
बरं, गावाचं खापर अर्धं मागे घेतो. अर्धंच, कारण सुरुवात चौथ्या ड्यूकच्याच काळात झाली. आता कुणीतरी येऊन सांगेल की नवी घरं किती सुंदर होती, प्रत्येकाची धाटणी वेगळी. आमची आजी कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावातली. तिलाही नवं घर मिळालं होतं. मरेपर्यंत ती 'आपलं घर' म्हणायची ते बुडालेल्यालाच.

तिरकस:
धरण आणि ड्यूकचा देखावा एकाच पारड्यात? कमाल आहे. धरणाने निदान वीज दिली.

अडगळ:
विजेचं बिल दाखवू का आजीला? जरा जपून बोला.

माळीबुवा:
भांडा तुम्ही. पण पॅक्स्टनला विसरून चॅट्सवर्थची चर्चा? १८२६ मध्ये तेविसाव्या वर्षी मुख्य माळी झाला. झार येणार म्हणून १८४४ मध्ये एंपरर कारंजं उभं केलं. डोंगरावर तळं खोदलं, पंप नाही, सगळा उताराचा जोर. झार आलाच नाही. काचेचं अवाढव्य उष्णगृह बांधलं, ते पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना म्हणून थंड पडलं, झाडं मेली, १९२० मध्ये पाडलं. आणि बाजारात मिळणारं कॅव्हेंडिश केळं त्याच सहाव्या ड्यूकच्या आडनावाचं, पॅक्स्टनने वाढवलेलं.

रावेरचा_केळकर:
आता आमचा विषय आला! म्हणजे आमची बसराई केळी ड्यूकच्या बागेतून आली म्हणायची?

माळीबुवा:
नाही हो. बसराई त्याच कॅव्हेंडिश गटातली, एवढंच. पॅक्स्टनला रोप मॉरिशसहून मिळालं, मूळ चीनचं. ड्यूकने दिलं ते फक्त नाव.

रावेरचा_केळकर:
नाव देऊन मोकळे, आणि आम्ही? आता सगळीकडे जी-नाइन जातीची, प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूकल्चर रोपं, तीही कॅव्हेंडिशच. एकाच रोपाच्या नकला, रोग आला की अख्खा मळा आडवा. गेल्या हंगामात कुकुंबर मोझॅक या विषाणूमुळे उपटून बांधावर टाकली. वर फलकावर एक भाव आणि व्यापारी हातात टेकवतो तो दुसरा, हे असं का? ड्यूकच्या माळ्याला निदान पगार तरी होता.

तिरकस:
धागा इंग्लंडच्या बागेचा, पोचला जळगावच्या मंडईत.

रावेरचा_केळकर:
तुम्हाला केळं कापून प्लेटमध्ये मिळतं म्हणून सुचतंय. घड खांद्यावर घेऊन बघा एकदा.

डर्बीकर:
मूळ मुद्द्यावर येऊ. अडगळ, तुमचे ताटवेसुद्धा ड्यूकच्या थाटासाठीच होते ना? व्हर्सायसारखं दिसायला हवं म्हणून केलेली ती नक्कल. मग त्यात कसला प्रामाणिकपणा?

अडगळ:
नक्कल होती, मान्य. पण नक्कल म्हणूनच मिरवत होती. मेंढ्यांवर होणारी बचत तुम्हालाच लखलाभ. १९५० मध्ये दहावा ड्यूक वारला, तेव्हा ऐंशी टक्के वारसाकर आला आणि त्यापायी घराण्याचा दुसरा वाडा, हार्डविक हॉल, सरकारला द्यावा लागला. कुठे गेल्या होत्या तेव्हा मेंढ्या?

डर्बीकर:
वारसाकराचा ब्राऊनशी काय संबंध?

रावेरचा_केळकर:
भावफलकाचा तरी कुठे होता? माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देतंय का?