मदत हवी आहे: लॅपटॉपमधलाच आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड कसा करायचा?

लष्करवाला: तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर काळी एकला (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलं तरी पेटीशी जुळत नाही, चढं लागतं. किती चढं ते मोजायचंय. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइकने रेकॉर्ड केलं तर पंखा, कुकरच्या शिट्ट्या आणि महाराज बाड्याकडचे हॉर्न, तानपुरा कुठेतरी मागे. आतला आवाज थेट हवाय. जो तो 'स्टिरिओ मिक्स' (आतलाच आवाज रेकॉर्डिंगला देणारी विंडोजमधली सोय) सांगतो, ते माझ्याकडे नाहीच. शनिवारी ग्वाल्हेरातच बैठक आहे, लवकर सांगा.

रेवती: विंडोज की मॅक?

लष्करवाला: लॅपटॉप आहे.

रेवती: अहो, ते दोन्ही लॅपटॉपवरच असतं!

लष्करवाला: विंडोज 10.

खर्जातला: स्टिरिओ मिक्स लपलेलं असतं. साउंडच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस'वर टिक करा.

रेवती: ते साउंड ड्रायव्हरवर अवलंबून, नसलं तर नसतंच. ऑडॅसिटीत होस्ट 'विंडोज वासापी' करा आणि ज्या डिव्हाइसपुढे 'लूपबॅक' लिहिलंय ते निवडा, म्हणजे त्या डिव्हाइसला जाणारा आवाजच रेकॉर्ड होतो.

खर्जातला: माझं आजवर स्टिरिओ मिक्सवर कधी अडलं नाही. उगाच नवीन कशाला?

पेंग्विन_इंदूर: लिनक्स टाका. तिथल्या आवाजाच्या सेटिंगमध्ये, पाव्हूकंट्रोलमध्ये, 'मॉनिटर' निवडलं की काम फत्ते.

खर्जातला: शनिवारच्या आत?

जुना_श्रोता: मिरजेचा तानपुरा घ्या, ही भानगडच नको. इथे हजिऱ्याला तानसेन समारोहात ऐकलाय ना जवारीचा, तारेचा तो घुमारेदार आवाज? तो मशीनमध्ये कुठला.

लष्करवाला: काका, विकत काय घ्यायचं हे विचारलं नव्हतं. रेवतीताई, लूपबॅक निवडलं. रेघ सपाट.

रेवती: तानपुरा ऐकताय कशावर?

लष्करवाला: ब्लूटूथ हेडफोनवर. त्याचा काय संबंध?

रेवती: तोच तर संबंध. तुम्ही स्पीकरचा लूपबॅक निवडलाय आणि आवाज जातोय हेडफोनला. हेडफोनच्या नावाचा घ्या. आधी तानपुरा सुरू करा, मग रेकॉर्ड.

लष्करवाला: आला! एकदम स्वच्छ. ऑडॅसिटीच्या 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये, म्हणजे आवाजातल्या हर्ट्झच्या आलेखात, टेकडीच दिसते, नेमका आकडा कसा काढू?

रेवती: साइज 2048 असेल. 44100 च्या रेकॉर्डिंगला त्यात दोन बिंदूंमध्ये साडेएकवीस हर्ट्झचं अंतर पडतं. पांढरी एक 130.8, काळी एक 138.6, म्हणजे फरक आठाच्याही आत. दिसणार कसा? 65536 करा, अंतर 0.67 वर येईल. रेकॉर्डिंग निदान वीसेक सेकंदांचं हवं, आणि कर्सर षड्जाच्या टोकावर न्या.

लष्करवाला: 140.2.

खर्जातला: म्हणजे वीस सेंट चढं (शंभर सेंटचा अर्धा सूर). सॉफ्टवेअरमध्ये बारीक सुराची पट्टी असेल, कुणीतरी हलवली असणार.

जुना_श्रोता: आणि पेटी कोण मोजणार? पावसात आमची दरवर्षी बिघडते.

रेवती: काकांचं बरोबर आहे. पेटीसाठी मात्र माइकच लावा. पंखा बंद करून.

लष्करवाला: ग्वाल्हेरात पेटी दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का? आमच्या लष्कर भागात असेल तर उत्तम.