मोरचुदाच्या आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) पाचही पाणी एकाच ढिगात, वेगळे कसे करावे?

वरूडकर: एम.एस्सी. प्रोजेक्ट आहे. संत्र्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारायला आणलेलाच मोरचूद (कॉपर सल्फेट, रेणूमागे पाच पाणी) विरघळवून, गाळून पुन्हा स्फटिक केले. केबीआरसोबत (पोटॅशियम ब्रोमाइड) घोटून टिकली दाबली तर हिरवट पडली, अन् 3000 ते 3500 सेमी⁻¹ मध्ये नुसता डोंगर. चार पाणी तांब्याला, पाचवं सल्फेटला धरून. हे दिसणार कसं? फेम्टोसेकंद (10⁻¹⁵ सेकंद) लेसरवाले काय करतात?

खलबत्ता: हिरवट पडली म्हणजे टिकलीत मोरचूद मोरचूद राहिलाच नाही, ब्रोमाइड तांब्याला चिकटलं. वरून केबीआर हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. फ्लुओरोल्यूब या फ्लोरिनयुक्त तेलात घोटून लेप (mull) करा, कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन विंडोंत (पारदर्शक चकत्यांत) पातळ दाबा. न्युजॉल (खनिज तेल) नको, त्याचे सी-एच पट्टे 2850–2950 ला डोंगराच्या उतारावरच बसतात. घोटा हलक्या हातानं.

पिकोसेकंद: शेजारचे ओ-एच एकमेकांशी जुळून कंपतात, शिवाय वाकण्याच्या कंपनाची दुप्पट 3200 च्या आसपास येऊन मिसळते, म्हणून डोंगर. उपाय जड पाण्याचा (डी-टू-ओ, एचऐवजी डी म्हणजे ड्युटेरियम). मोरचूद 250 अंशांवर पांढरा होईस्तोवर तापवा. निळाच टाकला तर वजनाच्या 36 टक्के त्याचंच पाणी, डीचं प्रमाण बिघडलं. 9.5 मिली साधं पाणी, 0.5 मिली डी-टू-ओ, त्यात 3.5 ग्रॅम पांढरा मोरचूद थोडा थोडा टाका (गरम होतो), 60 अंशांवर विरघळवा, झाकून थंड होऊ द्या. साडेनऊ टक्के रेणू एचओडी (एक एच, एक डी), डी-टू-ओ जेमतेम पाव टक्का. आता 2500 च्या आसपास ओ-डी बघा, शेजाऱ्यांपासून सुटा. 2350 ला हवेतला कार्बन डायऑक्साइड आडवा येतो, नायट्रोजन सोडा.

लेसरवालेही हीच युक्ती वापरतात. 4 मायक्रॉनचा, 100 फेम्टोसेकंदांच्या आसपासचा पंप (पहिला झोत) ओ-डीला वरच्या पातळीवर नेतो. मूळ जागी शोषण घटतं, दीडेकशे सेमी⁻¹ खाली नवं उगवतं. प्रोब (दुसरा, मोजणारा झोत) उशिरा उशिरा पाठवून ते किती वेळात ओसरतं ते मोजायचं. द्रव पाण्यात ओ-डीला पावणेदोन पिकोसेकंद (1 पिकोसेकंद = 1000 फेम्टोसेकंद) लागतात.

वरूडकर: सर, प्रोबचं ध्रुवण पंपाच्या ध्रुवणाशी 54.7 अंशांवर ठेवलं की दिशेचा परिणाम जातो ना?

पिकोसेकंद: द्रवात जातो. एकस्फटिकात रेणूंच्या दिशा ठरलेल्या असतात, तिथं तो कोन काही कामाचा नाही. स्फटिकाचा अक्ष नोंदवून समांतर अन् लंब दोन्ही मोजा. भुकटीत चालला असता, पण पंपाचा विखुरलेला प्रकाश डिटेक्टर भरून टाकतो.

खलबत्ता: माझं मत, आधी जिप्सम घ्या. पाणी एकाच जातीचं, पापुद्रेही सहज निघतात. फक्त लेसरचा ठिपका एकाच जागी ठेवू नका, तापून पाणी जातं. तपासायला सोपं आहे: जिप्समला 1621 अन् 1685 असे दोन पट्टे असतात, 1685 नाहीसा झाला की त्या जागी प्लॅस्टर झालं समजा.