आयसी 418 चा मध्यतारा: तेजबदल खरा की सीइंगचा खेळ?

कृष्णाकाठ (सांगली)
8 इंची एफ/5 न्यूटोनियन दुर्बीण, 3.76 मायक्रॉन पिक्सेलचा मोनो कॅमेरा, व्ही (हिरवट-पिवळ्या प्रकाशाचा) फिल्टर, 60 सेकंदांची फ्रेम. आयसी 418 या ग्रहीय नेब्युलाच्या (ताऱ्याने अखेरीस सोडलेल्या वायूच्या ढगाच्या) मध्यताऱ्याच्या (झेडझेड लेपोरिस) तेजाच्या आलेखात 0.08 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप) चढउतार येतोय, पहाटेकडे तेज वाढतं. ॲपर्चरची (प्रकाश मोजायला ताऱ्याभोवती धरलेल्या वर्तुळाची) त्रिज्या 5 पिक्सेल. हा ताऱ्याचाच बदल धरायचा का?

यवतेश्वर (सातारा)
इतक्यात नको. तुमचा स्केल पिक्सेलला 0.78 आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद), म्हणजे ॲपर्चरचा व्यास जेमतेम 8 आर्कसेकंद. नेब्युला स्वतःच 12 आर्कसेकंदांची आहे, म्हणजे तिचा काही भागच आत येतो. सीइंग (हवेच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका पसरणं) बिघडलं किंवा दुर्बिणीची नळी गार होऊन फोकस सरकला, की मध्यताऱ्याचा आणि तुलना-ताऱ्याचा (ज्याच्याशी तेज ताडून पाहतो त्याचा) प्रकाश सारख्याच प्रमाणात बाहेर सांडतो. पसरलेल्या नेब्युलाचा मात्र तितका सांडत नाही. मग लक्ष्य उगाचच उजळ दिसतं. पहाटेच्या चढाचं कारण बहुधा हेच.

त्रिज्या 16 ते 20 पिक्सेल घ्या, आकाशाचं कडं (पार्श्वभूमीचा उजेड मोजायचा पट्टा) 30 पिक्सेलच्या बाहेर. अख्खी नेब्युला आत आली की तिची भर स्थिर राहते. बदलाची उंची थोडी दबेल, पण खोटी नसेल. मग प्रत विरुद्ध एफडब्ल्यूएचएम (ताऱ्याच्या ठिपक्याची निम्म्या तेजावरची रुंदी) असा आलेख काढा. त्यात उतार दिसला तर घोळ अजून शिल्लक आहे.

फिल्टरही बदला. व्हीच्या निळ्या कडेला नेब्युलाच्या प्रकाशातली 5007 अँगस्ट्रॉम तरंगलांबीची ऑक्सिजनची रेषा येते, आर (लाल) फिल्टरमध्ये तर हायड्रोजन-अल्फाची रेषा धो धो. स्ट्रॉमग्रेन वाय हा अरुंद फिल्टर (केंद्र 5470, रुंदी साधारण 230 अँगस्ट्रॉम) या ठळक रेषा चुकवतो. दहाव्या प्रतीच्या ताऱ्याला 8 इंचीवर 60 सेकंद पुरतात.

शशकवाला
त्यात एक भर. तारा कमालीचा निळा, तुलना-तारा सहसा तांबूस. क्षितिजाजवळ हवेत दोघांच्या प्रकाशाचं शोषण वेगळं होतं आणि आलेखात मध्यमंडलाभोवती (तारा सर्वांत उंच असतो त्या वेळेभोवती) सममित कमान उमटते, तिला कालावधी समजू नका. शक्यतो बी किंवा ए वर्णपट-वर्गाचा (निळसर-पांढरा) तुलना-तारा निवडा, दुसरा पडताळणीसाठी ठेवा.

आपल्या अक्षांशावरून हा तारा साधारण 60 अंशांपर्यंत चढतो आणि 30 अंशांच्या वर सुमारे 7 तास राहतो. डिसेंबरच्या मध्यास तो मध्यरात्री सर्वांत उंच. त्याच्या बदलाचा काळ 6.5 तासांच्या आसपास, शिवाय काही दिवसांचे हेलकावे वेगळेच. म्हणजे एका रात्रीत जेमतेम एक आवर्तन. एकाच ठिकाणाहून मोजलं की 5.1 आणि 8.9 तासांची भुतं (दिवसाच्या खंडामुळे दिसणारे खोटे काळ) हमखास दिसतात. सलग रात्री लागतातच. त्यातही बदल अर्धनियमित. कारण स्पंदन की ताऱ्याचा वारा, याचा निकाल लागलेला नाही. फेज काढून (सगळी आवर्तनं एकावर एक ठेवून) सुबक वक्र येईल ही आशा सोडा.

कृष्णाकाठ
जुन्या फ्रेम वापरता येतील?

यवतेश्वर
येतील, मोजणी तेवढी नव्याने करा. व्ही असला तरी मोठ्या ॲपर्चरने निम्मं काम होतं. गाळपाच्या हंगामात पाचट पेटवल्यावरचा धूर दिसत नाही, पण तुलना-ताऱ्याचे काउंट (कॅमेऱ्याने मोजलेला प्रकाश) एकदम पडतात. तसल्या फ्रेम आधी काढून टाका.