घरी लाकडी पाइप बनवायचा आहे : आधी आकार की आधी भोकं?

मिरजेचा हौशी

नमस्कार मंडळी. तंबाखूचा लाकडी पाइप घरच्या घरी, हाताने बनवायचा विचार आहे. मी स्वतः ओढत नाही, पण ही वस्तू मला फार आवडते. मिरजेत लहानाचा मोठा झालो, सतारमेकरांच्या दुकानांसमोर तासन्‌तास उभा राहायचो. लाकडाची ओढ तिथूनच लागली. आजवर पळ्या, उलथणी, छोट्या डब्या केल्यात.

दाजी कामानिमित्त इटलीत होते. येताना त्यांनी माझ्यासाठी ब्रायरचे (पाइपसाठी वापरतात त्या झुडपाच्या गाठीच्या लाकडाचे) दोन ठोकळे आणले. एका अंगाला करवतीने कापलेले, दुसऱ्या अंगाला खडबडीत, गाठीगाठींचे. माझ्याकडे करवत, पटाश्या, कानशी आणि साधं हँड ड्रिल आहे. शेजारच्या वर्कशॉपमध्ये स्टँडचं ड्रिल मशीन आहे, मालक वापरू देतात.

पाइप बाहेरून कोरून घ्यावा आणि मग आत भोकं पाडावीत, असं मला वाटतंय. बरोबर आहे का? मापं काय धरू? शिसमाचे तुकडे घरात पडलेत, ते चालतील का? शेवटी पॉलिश कसलं करतात? ठोकळे परत मिळणार नाहीत, म्हणून हात लावण्याआधी विचारतोय.

टूलरूमवाला, चिंचवड

आधी भोकं. आकार नंतर. हे पक्कं धरा, कारण पाइप चांगला की वाईट हे आतल्या तीन भोकांवर ठरतं. बाहेरून कितीही देखणा केला आणि आत हवा सरळ गेली नाही, तर तो शोकेसमध्येच राहणार.

कारण साधं आहे. चौकोनी ठोकळा वाइसमध्ये गच्च बसतो, त्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावता येतो. कोरलेला गोल पाइप कुठेच धड धरता येत नाही. धरला तरी ड्रिल सरकतो. तेव्हा ठोकळ्याच्या दोन बाजू समांतर करून घ्या आणि त्यांतल्या एकीवर पाइपचं बाजूने दिसणारं पूर्ण चित्र पेन्सिलीने काढा. नुसती बाह्यरेषा नको, आतली भोकंही काढा, मधल्या रेषांसकट. खडबडीत अंग वर ठेवा, म्हणजे तेच वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाच्या, तोंडाशी येईल. इटलीतले कारागीर बऱ्याचदा ते तसंच राखतात, सुंदर दिसतं.

मापं : वाटीचं भोक २० मिलिमीटर रुंद, ४० खोल. धुराची नळी ४ मिलिमीटर. दांडीत तोंडात धरायचा भाग बसतो ते भोक ८ मिलिमीटर रुंद आणि साधारण २२ खोल. वाटीची भिंत कुठेही ६ च्या खाली जाऊ देऊ नका. पहिल्या पाइपला ८ ठेवा. तळाला तेवढंच लाकूड राहू द्या, नाहीतर तळ जळून भोक पडतं. आणि पहिला पाइप सरळच करा. वाकड्या पाइपमध्ये कोन साधायला ठोकळा धरायचं वेगळं फिक्स्चर लागतं.

क्रम असा. ठोकळा दांडीच्या बाजूने उभा धरा. आधी ८ चं भोक. मग वाइस अजिबात सैल न करता फक्त ड्रिल बदला आणि त्याच मध्यातून ४ ची लांब नळी मारा. एकाच पकडीत दोन्ही झाली की ती एकमेकांशी मध्यात बसतात. वाइस सोडून पुन्हा धरलात, तर अर्धा मिलिमीटर कुठे ना कुठे जातोच. नळी वाटीच्या मध्यरेषेपर्यंत न्यायची, पुढे नाही.

आता ठोकळा फिरवून वाटी. आतला तळ गोलसर हवा, म्हणून बाजारातला २० चा फ्लॅट बिट (चपट्या पात्याचा ड्रिल) घेऊन ग्राइंडरवर त्याचं टोक इंग्रजी यू अक्षरासारखं घासून घ्या. धार दोन्हीकडे सारखी राहिली पाहिजे. आधी १२ च्या साध्या ड्रिलने थोडं उथळ भोक पाडा, मग हा बिट. सावकाश चालवा, दर थोड्या वेळाने वर काढून भुसा झाडा. ब्रायर घट्ट असतं, घाई केली की जळतं आणि आत काळं पडतं. मशीनचा खोलीचा स्टॉपर दोन मिलिमीटर आधी लावून थांबा. टॉर्च मारून बघा. तिथून पुढे केसाकेसाने उतरा. नळीचं भोक वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध दिसलं पाहिजे. ते वर राहिलं तर तळाशी ओल साचते आणि तंबाखू शेवटपर्यंत जळत नाही. वाटी जास्त खोल गेली, तरी हेच होणार.

पारख एकच : तोंडाचा भाग न काढता पाइप क्लीनर (नळी साफ करायची मऊ तार) आत सारला, तर तो वाटीच्या तळात निघाला पाहिजे, कुठेही न अडता.

तोंडाचा भाग एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, करा. दाताखाली मऊ लागतं आणि कानशीने छान घासलं जातं. आपल्याकडे हाताने पेन बनवणारे एबोनाइट वापरतात, राजमहेंद्रीची रत्नम पेनं त्याचीच. त्यामुळे पेनवाल्यांच्या पुरवठादारांकडे कांडी मिळते. उन्हात मात्र ठेवू नका, हिरवट-पिवळं पडतं. आत जाणारं टोक घट्ट बसत असेल तर घासण्याआधी त्यावर पेन्सिलीचं शिसं चोळून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

शिसम नको. त्याच्या बारीक भुशाची अनेकांना ॲलर्जी होते. भोकं मारायच्या सरावाला वापरा, मास्क लावून. त्या तुकड्याचा पाइप करून पेटवायचा नाही. आणि कुणी कण्हेर किंवा बिब्बा सुचवला, तर सरावालासुद्धा हात लावू नका.

ल्योंवासी

टूलरूमवाल्या काकांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. लाकडाबद्दल थोडं मी सांगते. मी फ्रान्समध्ये राहते आणि ज्युरा डोंगरातल्या सेंट-क्लोद गावात जाऊन आले आहे. तिथे पाइपचं संग्रहालय आहे. गाव मुळात कातकामाचं, म्हणजे लाकूड फिरवून घडवण्याचं. मठाच्या यात्रेला येणाऱ्यांसाठी लाकडी जपमाळा आणि छोट्या वस्तू बनायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रायर हाती आलं आणि त्याच कातारी हातांनी पाइप करायला घेतले. गंमत म्हणजे ब्रायर तिथे उगवतच नाही. ते भूमध्य समुद्राच्या काठचं, कॉर्सिका, इटली, ग्रीस, अल्जीरियाकडचं झुडूप.

पाइपला त्याचं खोड लागत नाही. जमिनीलगत, मुळांच्या वर जी मोठी गाठ तयार होते ती लागते. रानात वणवा लागून झुडूप जळलं, तरी या गाठीतून पुन्हा कोंब फुटतात. गाठ खणून काढतात, ओली ठेवून तुकडे पाडतात, मग मोठ्या कढईत कित्येक तास उकळतात, म्हणजे आतला चीक आणि टॅनिन निघून जातं. त्यानंतर सावलीत महिनोन्‌महिने सुकवतात. चांगले कारागीर वर्षानुवर्षं ठेवतात. तुमचे ठोकळे या सगळ्यातून गेलेले असणार, पण ताजे असतील तर मिरजेच्या हवेत त्यांना कपाटात थोडं मुरू द्या.

ब्रायरच्या आधी मातीचे पाइप होते, जर्मनीत चिनी मातीचे, तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या समुद्रफेसासारख्या पांढऱ्या दगडाचे. अमेरिकेत मिसूरी राज्यात मक्याच्या कणसाचे पाइप १८६९ पासून बनतात. लाकडात ऑलिव्ह, चेरी, नाशपातीचेही होतात. पण उष्णता सोसायची ब्रायरची ताकद वेगळीच.

दंतवैद्य, नाशिक

कारागिरीबद्दल आनंदच आहे, दोन गोष्टी मात्र मनापासून सांगते. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निर्धोक, असा समज माझ्या खुर्चीवर बसणाऱ्यांकडून नेहमी ऐकते. तो खोटा आहे. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग पाइपनेही होतो. तुम्ही ओढत नाही ते उत्तम, तसेच राहा. करून कुणाला भेट देणार असाल, तर हे त्यांनाही सांगा. आणि एबोनाइट घासतानाही मास्क हवाच, फक्त लाकडासाठी नाही.

मिरजेचा हौशी

डॉक्टर, मास्क घेतला. पाइप काचेच्या कपाटातच राहणार आहे.

काका, तिन्ही भोकं झाली! आधी शिसमावर हात बसवला, मग ब्रायरला हात घातला. नळी बरोबर तळात, मधोमध आली. क्लीनर सरळ जातो. आता बाहेरून कानशीने घासतोय. लाकडात उभ्या रेषा आणि बाजूला बारीक बारीक डोळे उघडायला लागलेत, हात थांबवावासा वाटत नाही. पण वाटीच्या उजव्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा निघालाय, आणि घासावं तसा खोल होतोय. लांबी (पुट्टी) भरू का? आणि पॉलिशचं राहिलं.

टूलरूमवाला, चिंचवड

शाब्बास. खड्डा ही ब्रायरची जातच आहे. गाठ वाढताना तिच्यात दगडाचे कण, सालीचे तुकडे अडकतात, आणि कापल्याशिवाय ते कुणालाच दिसत नाहीत. लांबी भरू नका. रंग दिला की ती वेगळी दिसते आणि गरम झाली की सुटते. भिंत ८ ची असेल, तर एक मिलिमीटरपर्यंत घासून बघा. गेला तर गेला. नाहीच गेला, तर तो अख्खा पट्टा छोट्या गोल पटाशीने टोचून खरबरीत करा, बाकीचा भाग गुळगुळीत ठेवा. सतारीवरचं कोरीव काम पाहत मोठे झालात, तुमचा हात यात चालेल. डनहिल कंपनीने १९१७ च्या सुमारास पाइपवर वाळूचा मारा करून खरबरीत नक्षी काढली, तेव्हापासून असा पाइप कमी प्रतीचा मानत नाहीत.

पॉलिश पेपर १२० पासून सुरू करून २२०, ४००, ६०० पर्यंत जा. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसा, रेषा उठतील, सुकल्यावर पुन्हा घासा. स्पिरिटमध्ये विरघळणारा काळा रंग आधी लावा, ४०० ने बराचसा काढून टाका, मग तांबूस. काळा रंग फक्त रेषांत राहतो आणि त्या उठून दिसतात. रंग देताना वाटीच्या तोंडात बूच घाला, आत थेंबही जाता कामा नये. मेलामाइन, पीयू, व्हार्निश अजिबात नको. उष्णतेने त्यांना फोड येतात. सावंतवाडीच्या खेळण्यांवर असते ती लाखही इथे नको, ती वितळते. कार्नोबा मेण (वनस्पतीचं कडक मेण) आणा, सुती बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, हलकेच लावा आणि त्यावर पाइप घासा.

पाइप कपाटात राहणार असेल, तर वाटी आतून कोरीच ठेवा. ओढणाऱ्यासाठी केला असता, तर सक्रिय कोळशाची पूड आंबट ताकात कालवून आतून एक पातळ हात द्यायला सांगितलं असतं. वाळल्यावर तो थर लाकूड जळू देत नाही.

दुसऱ्या ठोकळ्याचं पेन्सिलीचं चित्र इथे टाका. भोकं मारायच्या आधी रेषा बघून सांगतो.