अनुभव धागा: मिशन ट्रिपला आफ्रिकेत गेलात, तिथे नेमकं काय केलंत?

नगरची (धागा काढणारी)
आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, ९ जण दोन आठवडे पूर्व युगांडात, सोरोटीजवळच्या एका गावात राहून आलो. परतल्यावर चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभी राहिले आणि शब्दच फुटेना. फोटोत मी शाळेची भिंत रंगवतेय. तीच भिंत गावातल्या रंगाऱ्याने निम्म्या वेळात रंगवली असती आणि त्याला चार पैसे मिळाले असते. हे साक्षीत कसं सांगायचं? जे गेलेत त्यांनी लिहा. गोडगोड नको.

सुरुवात माझ्यापासून. दोन बॅगा भरून जुने कपडे नेले होते. रविवारी उपासनेला बघते तर बायका झगमगीत गोमेसी (तिकडचा पायघोळ झगा) घालून आलेल्या आणि आम्ही चुरगळलेल्या टी-शर्टात. दानात अंडी, भुईमूग, कोंबड्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव. मी जोशात एका कोंबडीवर बोली लावली आणि ती मलाच लागली! विमानात कुठे नेणार, म्हणून तिथल्या पाळकांच्या (पास्टरांच्या) बायकोला दिली. संध्याकाळी ती आमच्याच ताटात. सोबत नाचणीचा घट्ट गोळा, ‘आटाप’. भाकरीची आठवण काढू नये, बोटांनी तोडून रश्शात बुडवावा.

म्हापशेकर
गोमेसीचं नाव गोमेस या गोंयकार शिंप्यावरून पडलंय. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून तिकडच्या बायका ती घालतात. तेव्हा कपडे आपल्याकडून आधीच पोचलेत, बॅगा कशाला!

मिरजेची नर्स
ताई, भिंत परवडली. आमचं आरोग्य शिबिर होतं. आंब्याखाली टेबलं मांडली, पहिल्याच दिवशी तीनशे माणूस. मी इंग्रजीत विचारायचे, एक मुलगा तेसो भाषेत सांगायचा. आजी दोन मिनिटं बोलायच्या आणि तो मला सांगायचा, “पोट.” एका आजोबांचं बीपी १९०/११०. महिन्याच्या गोळ्या दिल्या. महिना संपल्यावर काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सरकारी आरोग्य केंद्रातली सिस्टर आली, चांगलीच तापलेली. तुमच्या फुकट गोळ्यांपायी माझे नेहमीचे रुग्ण फिरकले नाहीत, म्हणाली. “तापाच्या मुलांची मलेरियाची पट्टी केलीत?” सगळ्यांची केली नव्हती. मग उरलेले दिवस मी तिच्या हाताखाली बसले. बोट टोचायचं, पट्टी बघायची, पॉझिटिव्ह आली तर वजनाप्रमाणे कोआर्टेम (मलेरियाच्या गोळ्या), आणि सगळं रजिस्टरात. शिबिराचा आकडा घसरला म्हणून आमचे प्रमुख माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

विचारून बघतो
राग नाही, कुतूहल आहे. धर्मांतराचं काय?

नगरची
कुणाचं करणार? तिथे शंभरात ऐंशीहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती. मिशनरी तिथे १८७७ साली आले, आमच्या नगरला १८३१ मध्ये. उलट तिथल्या एका आजींनी माझा हात धरून विचारलं, “तुझं तारण झालंय का?” भारतीय म्हणजे दुकानदार, तो ख्रिस्ती कसा, हेच त्यांना नवल.

न्यू जर्सीची आई
लेक सतरा वर्षांची असताना चर्चबरोबर केनियातल्या एका अनाथाश्रमात गेली होती. बारा दिवस मुलं तिला बिलगली, निघताना रडली. पुढच्या आठवड्यात दुसरा गट, पुन्हा तेच. नंतर कळलं, त्यातल्या बऱ्याच मुलांची आई नाहीतर बाप जिवंत होता. लेकीला आता ते फोटो बघवत नाहीत. याहून जास्त लिहीत नाही.

सोलापूरचे हापसेवाले काका
मी जिल्हा परिषदेत हापसे दुरुस्तीवर होतो. मंडळी सोरोटीकडे निघाली तेव्हा म्हटलं, चला, पाना तरी धरू. शाळेमागचा हापसा बघितला आणि जागीच थांबलो. तोच दांडा, आत तीच साखळी. तिकडे त्याला यू-टू म्हणतात, पण तो आपला इंडिया मार्क टूच. त्याचं मूळ जालन्याच्या मिशनमध्ये. ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडायचे म्हणून तिथे पोलादी पंप केला. पुढे सोलापूरला तो सुधारला, आणि १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यावरून मार्क टू निघाला. मी आयुष्यभर हेच उघडत आलो, आणि ते इथे माझ्या आधीच हजर!

पंप बंद. दात्याच्या नावाची पाटी मात्र शाबूत. मी म्हटलं, वायसर (वॉशर) गेले असणार. तिथला मेकॅनिक म्हणाला, नाही, पाइप. मला पटेना. क्लॅम्प लावून तीन-तीन मीटरचे पाइप एकेक करून वर काढले. चौथ्याची चाळणी झालेली. तिथलं पाणी आम्लधर्मी, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी (जीआय) पाइप खाऊन टाकतं. वायसर चांगले होते. त्याला माझ्याहून जास्त येत होतं. अडलं होतं पाइपांच्या पैशावर. पाणी समिती घरटी वर्गणी काढते, पण पीक हातात येण्याआधी कोण देणार? आमच्या एका विमानतिकिटात त्या हापशाचे सगळे पाइप आले असते. हे बोललो तर बरोबरचे म्हणाले, “काका, मग आपण आलोच नसतो.” तेही खरंच.

पुण्याहून
मध्येच कामाचं: पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या. कार्ड नसेल तर परत येताना इथल्या विमानतळावरून थेट क्वारंटाइन, ६ दिवसांपर्यंत.

नगरची
काका, त्या हापशाचं पुढे काय झालं?

सोलापूरचे हापसेवाले काका
आम्ही वर्गणी काढून स्टेनलेसचे पाइप बसवले. मेकॅनिक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. आता त्याला जालना बघायचंय, म्हणतो दोन आठवडे येतो. निमंत्रणाचं पत्र कुठली मंडळी देईल, कुणाला माहीत असलं तर कळवा.