आडम मास्तरांनी घरं दिली, पण कामाचं काय?

पूर्वभागकर: सोलापूरजवळच्या कुंभारीत आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांना १० हजार घरं मिळाली. मग रे नगर, ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. तीनदा आमदार झालेल्या नरसय्या आडम मास्तरांनी, एका कम्युनिस्टानं, हे करून दाखवलं, सलाम! पण सकाळची सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेस बघा. बॅगा घेतलेली आपलीच पोरं पुण्याला चाललेली असतात. घर कुंभारीत आणि पगार पुण्यात, हे कसलं राजकारण?

विडीवालीचा मुलगा: भाऊ, विडी कामगाराचं घर हाच तिचा कारखाना असतो. आमची भाड्याची खोली गळायची. आई सूप मांडीवर घेऊन कोपरा बदलत बसायची. एकदा तंबाखू भिजला, आठवड्याची मजुरी गेली. पक्कं छप्पर म्हणजे रोजगारच की. तुमच्या हिशेबात ते बसत नाही एवढंच.

टॉवेलवाला: छप्पर ठीक आहे बे, पण शहरात कामाला यायचं तर बसभाडं कोण देणार? आणि लाल बावट्याचे संप, मोर्चे बघून नवा मालक इथं कशाला येईल? (माझे चार माग आहेत, त्यामुळे मी एका बाजूचा, आधीच सांगतो.)

विडीवालीचा मुलगा: जुन्या गिरण्या काय मोर्च्यांनीच बंद पडल्या? मालकांनी जुनाट यंत्रं बदलली नाहीत त्याचं काय? आणि मास्तर किमान वेतनच मागतात. ते दिल्यानं माग बंद पडणार असेल, तर तो मागच मजुराच्या पोटावर चाललाय.

पूर्वभागकर: विषय भरकटतोय. 'लाडकी बहीण'चे १५०० येतात, तेही चांगलंच, पण त्यातून पोराला काम मिळत नाही. या राज्यानं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा केला होता. त्या योजनेचे जनक वि. स. पागे मदत नाही, काम द्या म्हणत होते. मास्तरांनी घरांसाठी दिल्लीपर्यंत जो जोर लावला, तो कुंभारीतच एखादी शिलाईची मोठी वसाहत आणायला का लावला नाही?

टॉवेलवाला: हां, हे बरोबर. रे नगरात मशिनी आल्या तर कापड मी देतो. मजुरीचं मात्र बसून बोलू.

विडीवालीचा मुलगा: बसून बोलू म्हणजे किती, ते इथंच लिहा की मालक.